गुरुवारची सेन्योरा

डिसेंबरातला शनिवार, कॅलिफोर्नियात पूर्व सॅन होजेमधलं एक गॅरेज, माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. तेवढ्यात दारातून नवीन दोघी आत आल्या आणि तिने त्यांना माझी ओळख करून दिली. "मि सेन्योरा दे लोस हुएवेस." माझी गुरुवारची सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब. त्या दोघी हसल्या, एकीने माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, दुसरी बाक ओढून समोर बसली आणि कामाला लागली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही हसले. पण संध्याकाळी घरी येताना पूर्ण रस्ताभर ते वाक्य दातात अडकलेल्या कणसाच्या केसासारखं छळत होतं. जिभेने कितीही ढकला, निघत नाही.

खरं तर मी 'आमीगा' या शब्दाची वाट बघत होते. मैत्रीण. ती तसं म्हणाली की चेहऱ्यावर कोणतं हसू आणायचं, तेसुद्धा माझं ठरलेलं होतं. चौदा वर्षं ती आमच्या घरी साफसफाईला येते आहे. एक आड एक गुरुवारी, सकाळी साडेनऊला. माझ्या मुलीचे दुधाचे दात पडलेले तिने पाहिलेत, माझ्या सासऱ्यांचा फोन आला त्या दिवशी मी कुठल्या खुर्चीत बसून रडले ते तिला माहीत आहे. आणि मी कोण? गुरुवारची.

त्या गॅरेजमधून गाड्या बाहेर काढल्या होत्या. भिंतीला लागून घडीची टेबलं, त्यांवर प्लास्टिकचं लाल कापड, कोपऱ्यात गॅसच्या शेगडीवर दोन उंच पातेली. टबमध्ये मक्याची पानं भिजत घातलेली, म्हणजे कणसावरची सालं. सगळीकडे उकळलेल्या लाल मिरच्यांचा वास. हा वास आपल्या मिरचीसारखा ठसका आणत नाही, थोडा मनुकांसारखा, थोडा धुरकट असतो. भिंतीवर बेकरीने फुकट दिलेलं कॅलेंडर, त्यावर ग्वादालूपेची माता, म्हणजे मेक्सिकोची मेरी. नाताळच्या आधी अशा जमून तमालेस, म्हणजे पानात पीठ बांधून वाफवलेल्या गुंडाळ्या करायच्या, दोन-तीनशे करायच्या आणि वाटून न्यायच्या, याला तमालादा म्हणतात. मला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, मासा मी घरीच करणार आहे. मी घाईघाईने सांगितलं, अगं मी मासा खात नाही. ती बघतच राहिली. मासा म्हणजे मळलेलं पीठ. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर ठेवायचा, सालं चोळून काढायची आणि मग दळायचा. त्या चुन्यामुळे पिठाला एक ओला, मातकट वास येतो. पावसाळ्यात नुकत्या सारवलेल्या ओसरीवर बसलं की येतो, त्याच्या जवळपासचा.

पीठ पुरेसं फेसलं गेलं की नाही हे बघायला ग्लासभर पाण्यात त्याची गोळी टाकतात. तरंगली तर झालं. पातेल्याच्या तळाशी एक नाणं टाकून ठेवतात. पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळत राहतं, आवाज थांबला की पाणी आटलं. आणि एक नियम म्हणजे, तिथे कुणी रागावलेलं असेल तर तमालेस शिजत नाहीत. मेक्सिकोत हे बरेच जण मानतात. मला तो नियम फार आवडला. सांगलीला आमच्या गच्चीवर एप्रिलात कुरडया घालायला गल्लीतल्या सगळ्या बायका जमत, तिथे हा नियम लावला असता तर एकही कुरडई वाळली नसती.

पानावर पीठ पसरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. हाताला उकडीची सवय. माझ्यासाठी भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या आणि चीज घालून वेगळ्या केल्या होत्या, पिठात डुकराच्या चरबीऐवजी तेल. शेजारी बसलेली एल साल्वादोरची बाई केळीच्या पानात बांधत होती, तिच्याकडे तशाच करतात. मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या बायका तिला त्यावरून चिडवत होत्या. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून 'लॅटिना' हा शब्द तिथे एकीच्याही तोंडून आलेला नाही. तो फॉर्मवर असतो, निवडणुकीच्या बातम्यांत असतो. आपल्याला जसं इथे कुणी 'साउथ एशियन' म्हणतं आणि आपण मनातल्या मनात सांगली की सातारा ते ठरवत असतो, तसंच.

एकमेकींना त्या हाक मारत होत्या ती 'कोमाद्रे' म्हणून.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला २०११ मध्ये, आणि तो प्रश्न म्हणून ऐकला. मुलगी नऊ दिवसांची होती. सिझेरियन झालेलं. आईचा व्हिसा नाकारला गेला होता आणि नवऱ्याची रजा संपली होती. घराची अशी दशा झाली, की त्याने ऑफिसातल्या कुणाकडून तरी नंबर घेऊन साफसफाईला बाई बोलावली. ती आली, बादली ठेवली, बेडरूमच्या दारातून मला पाहिलं आणि विचारलं, "तुझी आई कुठे आहे?" भारतात. "सासू?" भारतात. "मग तुझी कोमाद्रे?" मला शब्द कळला नाही. तिने तिच्या मोडक्या इंग्रजीत आणि मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये पंधरा मिनिटं घालवली. कोमाद्रे म्हणजे सह-आई. तुझ्या मुलीला बाप्तिस्म्याला जी उचलून धरेल, ती मुलीची माद्रिना आणि तुझी कोमाद्रे. मुलगी आणि माद्रिना हे नातं आहेच, पण दोन बायकांमधलं नातं त्याहून मोठं. ते कायमचं. मी म्हटलं, आमच्यात असं काही नसतं. ती म्हणाली, "नसतं? मग तुम्ही कसं करता?"

त्या दिवशी तिने साफसफाई अर्धीच केली. उरलेला वेळ माझ्याजवळ होती. त्यांच्यात बाळंतिणीचे चाळीस दिवस असतात, 'क्वारेन्तेना'. गार पाणी नाही, वारा लागू द्यायचा नाही, केस ओले ठेवायचे नाहीत, पोटाला घट्ट पट्टा बांधायचा. मी ऐकत होते आणि मला आजीचा आवाज ऐकू येत होता. सव्वा महिना, कानाला रुमाल, पोट बांधणं. हॉस्पिटलमधून मला बर्फाचं पाणी पीत घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिचा कामाचा वार नसताना, ती कोंबडीचं सूप घेऊन आली. मी ते प्यायले. आईला अजून सांगितलेलं नाही.

कोमाद्रेला मराठीत काय म्हणायचं, याच्या मागे मी मधूनमधून लागते. विहीण? नाही, त्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. जाऊ, नणंद, भावजय, वहिनी. एकेक नाव घेऊन पाहते, तर प्रत्येक नातं कुठल्या तरी पुरुषाच्या अंगणातून जातं. आपल्या दोघींच्या मध्ये कुणाचं तरी लग्न असल्याशिवाय आपण एकमेकींच्या कुणी लागत नाही. मैत्रीण आहे, पण मैत्रीण होणं सोपं आणि सुटणंही सोपं. मैत्रिणीने आपली पोरं सांभाळलीच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नसतं. आणि घरकामाच्या बाईला आपण 'मावशी' म्हणतो, तेव्हा त्यात नात्याचं नाव असतं, नातं नसतं.

त्या वर्षांत आम्ही दोघी एका विचित्र तराजूत बसलो होतो. माझ्याकडे पुण्याची इंजिनिअरिंगची पदवी आणि नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला व्हिसा होता. त्या व्हिसावर या देशात राहता यायचं, खर्च करता यायचा, मूल जन्माला घालता यायचं, फक्त एक डॉलर कमावता यायचा नाही. तिच्याकडे कागद होते की नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पण ती सहा घरं करायची, तिच्या नावावर गाडी होती, ती गावाकडे आईला पैसे पाठवायची. मी दर वेळी तिच्या हातात ठेवायचे ते पैसे माझे नसत. नवऱ्याने टेबलावर ठेवलेले असत. मी नुसती उचलून द्यायचे. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला, माझ्यासारख्यांपैकी काहींना काम करायची परवानगी मिळाली, आणि सप्टेंबरात पहिल्या पगारातून मी तिला पैसे दिले. तिला तसं सांगितलंही. तिने नोटा मोजल्या नाहीत. एरवी ती माझ्यासमोर मोजते.

त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र मला बऱ्याच उशिरा उलगडली. एका आठवड्यात तिचा मेसेज आला, या गुरुवारी जमणार नाही, साक्रामेंतोला जाते आहे. मला वाटलं नातेवाईक असतील. मी थोडी वैतागलेच, कारण शनिवारी आमच्याकडे मंडळाची माणसं जेवायला होती. नंतर कधीतरी तिच्या फोनमधले फोटो बघताना दिसलं, की तिथल्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर पन्नाससाठ बायका, हातात फलक, काहींच्या कडेवर मुलं, आणि तिसऱ्या ओळीत ही. घरकाम करणाऱ्यांच्या हक्कांच्या कायद्यासाठी त्या बसने गेल्या होत्या. २०१२ मध्ये राज्यपालांनी तो परत पाठवला होता, २०१३ मध्ये सही केली. दिवसाला ९ तास किंवा आठवड्याला ४५ तासांच्या वर काम झालं तर जादा मजुरी. पण कायदा लागू झाला तो मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्यांना. हिच्यासारख्या, घरोघर साफसफाई करणाऱ्यांना त्यातून काही मिळायचं नव्हतं. मी विचारलं, मग तू कशाला गेलीस? तिला प्रश्नच कळला नाही. केळीच्या पानात तमालेस बांधणारी ती साल्वादोरची बाई तेव्हा एका म्हाताऱ्याला रात्रंदिवस सांभाळायची. कोमाद्रे जात होती म्हणून ही गेली.

गॅरेजमध्ये सगळ्यांत मोठी एक आजी होती, ऐंशीच्या पुढची. तिला काम सांगितलेलं नव्हतं, ती पानं पुसून देत होती. कॉम्प्युटर यायच्या आधी ही सगळी दरी, म्हणजे आताची सिलिकॉन व्हॅली, जर्दाळू आणि प्लमच्या बागांची होती आणि सॅन होजेत फळं डब्यात भरायचे कारखाने होते. त्यांत हातांनी काम करणाऱ्यांत बायका भरपूर, मेक्सिकन बायका तर विशेष. आजीने कितीतरी हंगाम जर्दाळू चिरण्यात काढले. बोटांच्या पेरांतून तो वास जायचा नाही म्हणाली, चर्चमध्ये हात जोडले की नाकाला यायचा. ती ज्या वस्तीत वाढली तिचं नाव 'साल सी प्वेदेस', निघता आलं तर निघ. पावसाळ्यात चिखलात गाड्या रुतायच्या म्हणून, आणि अर्थात दुसऱ्याही अर्थाने. शेतमजुरांच्या संपाला पाठिंबा म्हणून द्राक्षांवर बहिष्कार होता, त्या काळात ती दुकानाबाहेर उभी राहून लोकांना द्राक्षं घेऊ नका म्हणून सांगायची. घरात मात्र आजतागायत द्राक्षं आणत नाही. तो संप १९७० मध्ये मिटला, असं नातीने तिला शंभरदा सांगून झालंय.

दोलोरेस वेर्ताचा विषय आजीनेच काढला. शेतमजुरांची संघटना १९६२ मध्ये सीझर चावेझबरोबर उभी करणारी ही बाई. 'सी, से प्वेदे', जमतं, नक्की जमतं, ही घोषणा १९७२ मध्ये अॅरिझोनात तिच्या तोंडून निघाली. तिथले लोक सांगत होते की इथे नाही जमायचं, त्याला तिने दिलेलं ते उत्तर. पुढे ती चावेझच्या नावावरच जास्त खपली. पण आजी दोलोरेसबद्दल बोलताना तिच्या आईपासून सुरुवात करत होती. स्टॉक्टनला त्या आईचं हॉटेल होतं, तिथे शेतमजुरांना ती कमी भाड्यात ठेवायची, कधी फुकटसुद्धा. दोलोरेस आधी शाळेत शिकवायची. वर्गात मुलं उपाशी येतात, पायात बूट नाहीत, हे बघून तिने नोकरी सोडली. स्वतःची अकरा मुलं. आईची उणीव भासली, हे त्यातल्या काहींनी पुढे उघडपणे सांगितलं. मी म्हटलं, अकरा मुलं कुणाकुणाकडे ठेवून ती इतकी फिरली असेल. आजीने पान पुसता पुसता माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी ओलं असतं का विचारलं होतं. "कोमाद्रेसकडे."

आणि यात सगळं गोड आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिथल्याच दोघी एकमेकींशी तीन वर्षं बोललेल्या नाहीत. त्या टेबलाच्या दोन टोकांना बसल्या होत्या आणि मीठ हवं असलं तरी तिसरीमार्फत मागत होत्या. कारण तांदा. तांदा म्हणजे आपली भिशी, तंतोतंत. दहाजणी, दर पंधरवड्याला दोनशे डॉलर, ज्या पंधरवड्यात जिचा नंबर तिला दोन हजार. माझ्या आईच्या भिशीत निदान वही असायची, शंभर पानी, वर 'श्री' लिहिलेली. इथे वहीही नाही. एकीने आपला नंबर आधी घेतला आणि नंतर गाव सोडून गेली. जिच्या शब्दावर तिला घेतलं होतं, त्या बाईने उरलेले सगळे हप्ते स्वतः भरले, पण जिने तिच्यावर संशय घेतला होता तिला माफ केलं नाही. पुरुष अंगणात मांस भाजत उभे होते, तेही मी पाहत होते. सकाळपासून त्यांनी एवढंच काम केलं आणि कौतुक त्याचंच जास्त झालं. हे मात्र भाषांतर न करता कळलं.

ही तांद्याचे पैसे कशाला वापरते ते मला ठाऊक आहे. पहिल्यांदा व्हॅक्युम क्लीनर. मग गाडीचं गिअरबॉक्स. मग पुतणीची कॉलेजची पहिली फी. ती पुतणी आता सॅन होजे स्टेटमध्ये आहे, आणि घरात विद्यापीठात जाणारी पहिलीच. ती मध्येच येऊन मला माझ्या कंपनीबद्दल विचारत होती, मुलाखतीत काय विचारतात वगैरे. मी तिला माझा ईमेल दिला. बरं वाटलं. लगेच हेही वाटलं, की चौदा वर्षांत देण्यासारखं माझ्याजवळ हे एवढंच निघालं.

पाकिटाची गोष्ट मला साल्वादोरच्या बाईने सांगितली, आवाज न बदलता, पान दुमडत. तिच्या कपाटात तीन पाकिटं आहेत, तीन घरांची. प्रत्येकात मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाच्या नोंदी, शाळेचा पत्ता, आणि कॅलिफोर्नियात मिळतो तो एक फॉर्म. इमिग्रेशनवाल्यांनी आईबापांना अचानक उचललं, तर मुलाला शाळेत घालायला आणि डॉक्टरकडे न्यायला जी मोठी व्यक्ती मागे उरेल, तिच्यासाठीचा. कुठल्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, कुणाला झोपताना दिवा लागतो, हे पाकिटावर पेन्सिलने लिहिलेलं आहे. पेन्सिलने का, तर मुलं मोठी होतात, दिवा लागेनासा होतो. त्यातलं एक पाकीट हिच्या धाकट्याचं. तिच्या वारी ही माझ्या स्वयंपाकघरात ओटा पुसत होती आणि तिच्या मुलाचं ते पाकीट दुसरीकडे कपाटात होतं. मला हे माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझी मुलगी नववीत स्पॅनिश शिकते. मागच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आई, तू त्यांना 'तू' का म्हणतेस? त्या तुला 'उस्तेद' म्हणतात." स्पॅनिशमधलं 'तू' उच्चाराला नेमकं आपलंच 'तू' आहे. 'उस्तेद' म्हणजे अहो. मी अॅपवरून स्पॅनिश शिकले, अॅपने 'तू' शिकवलं, आणि मी माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या बाईला चौदा वर्षं अगंतुगं करत आले. तिनेही मला पहिल्या दिवशी 'तू'च म्हटलं होतं, तुझी आई कुठे आहे, तुझी कोमाद्रे कुठे आहे. दारात बाळंतीण दिसली होती तिला. मी बरी झाले, हिंडूफिरू लागले, तेव्हा कधीतरी तिने ते परत घेतलं असणार.

त्याच उन्हाळ्यात तिने मला विचारलं होतं, मुलीचे पंधरा कधी? त्यांच्यात मुलगी पंधराची झाली की मोठा सोहळा करतात. मी हसून म्हटलं, आमच्यात नसतं असं काही. ती म्हणाली, केलं तर बूट मी देईन. मी आणखी हसले. "अगं, तिच्याकडे नको तेवढे बूट आहेत."

गॅरेजमध्ये त्या पुतणीच्या सोहळ्याचा अल्बम फिरत होता. ही केकची माद्रिना, ही मुकुटाची, ही झग्याची. खर्च एका घराला झेपत नाही, म्हणून एकेक वस्तू एकेकीने उचललेली. आणि बुटांची माद्रिना वेगळी. मुलगी सपाट चपलांत येते, सगळ्यांसमोर तिच्या चपला काढून पहिल्यांदा उंच टाचांचे बूट घालतात, मग ती नाचायला उठते. फोटोत पुतणीच्या पायाशी बूट हातात धरून एक बाई ओणवी झालेली होती. मी विचारलं, ही कोण लागते तुमची? पुतणीच्या आईला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "तेव्हापासून माझी कोमाद्रे."

माझ्या हातात पान होतं, पानात पीठ. मी ते गुंडाळलं. पातेल्यातलं नाणं थांबलं होतं बहुतेक, कारण कुणीतरी "आग्वा, आग्वा" ओरडलं आणि किटली घेऊन ती धावली. दारातून नवीन दोघी आत आल्या त्या त्यानंतर.

रात्री घरी पोचल्यावर तिला कळवायला फोन काढला. बरोबर आणलेल्या तीन डझन तमालेस ओट्यावर वाफाळत होत्या. नाव शोधलं तर सापडेना. मग आठवलं, तिचा नंबर कसा साठवला आहे ते. 'क्लीनिंग – गुरुवार'. २०११ मध्ये नवऱ्याने ऑफिसातून आणला तेव्हा मीच टाइप केलेला, दर नव्या फोनमध्ये आपोआप येत राहिलेला.

तिथे उभ्या उभ्या बदलला. आडनावासकट लिहिलं, दोन्ही आडनावं, वडिलांचं आणि आईचं, त्यांच्यात असतात तशी.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. मी चहा गाळत होते. पडद्यावर लांबलचक नाव आलं, आणि क्षणभर मला कळेना, ही कोण.